खोली नंबर अकरातले पाच खेळ

“आठ पूर्णांक एकेचाळीस?” सुमेध माझ्या लॅपटॉपवर वाकून म्हणाला. “इंगवले, हा महोत्सव आहे की भूकंप?”

“दहापैकी आठ पूर्णांक एकेचाळीस. तेवीस महोत्सवांत सगळ्यांत जास्त.”

“मग नुसतं पहिला म्हण ना.”

“दुसरा आठ पूर्णांक अडतीस आहे. फरक किती कमी आहे ते कळायला नको?”

सुमेधनं शर्टाच्या बाहीनं कपाळ पुसलं. मे महिना होता आणि आम्ही विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात, तळमजल्यावरच्या खोली नंबर अकरामध्ये बसलो होतो. ही काचकामाची खोली. इथं पंखा नव्हता, कारण वाऱ्यानं बर्नरची ज्योत हलते. खिडक्यांना आतून काळा रंग दिलेला, कारण उजेडात ज्योतीचं टोक नीट दिसत नाही. अशा खोलीत शिकलगारमामा चौतीस वर्षं काच फुंकत होते. विभागातला प्रत्येक वाकडातिकडा चंबू, प्रत्येक वेटोळ्याची नळी त्यांच्या हातची. कोल्हापुरात काम शिकले, कोल्हापुरातच राहिले. एकतीस मेला ते निवृत्त होणार होते.

आमची फिल्म त्यांच्यावर होती. नाव ‘नळी’, लांबी चौदा मिनिटं. सुमेध कांबळे वृत्तपत्रविद्या विभागाचा विद्यार्थी. दिग्दर्शन, कॅमेरा आणि संकलन त्याचं. मी, गौतमी इंगवले, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. आवाज मी ध्वनिमुद्रित केला होता. शिवाय मी विज्ञान सल्लागार होते. हे पद मीच मला दिलं होतं. त्या अधिकारात मी फिल्ममध्ये अठ्ठेचाळीस सेकंदांचं निवेदन घालायला लावलं. प्रयोगशाळेतल्या काचेत सिलिका किती टक्के, बोरॉनचं ऑक्साइड किती टक्के, म्हणून ती तापवल्यावर कमी प्रसरण पावते, वगैरे. सुमेध म्हणाला होता, लोक झोपतील. मी म्हणाले होते, लोकांना माहिती मिळेल. शेवटी निवेदन राहिलं, कारण माझ्याकडे संदर्भग्रंथ होता आणि त्याच्याकडे नव्हता.

आता फिल्म कुठं पाठवायची हे ठरवण्याचं कामही माझ्याकडे आलं होतं. मी सात रकाने केले होते: विषयाशी जवळीक, प्रेक्षकसंख्या, विद्यार्थ्यांसाठी वेगळा गट, आदल्या वर्षी आलेल्या आणि निवडलेल्या फिल्मचं गुणोत्तर, असं. प्रत्येक रकान्याला वजन. पहिला आला होता जर्मनीतल्या एका बंदराच्या गावातला महोत्सव. माणसांच्या कामांवरच्या फिल्म तिथं दाखवत. जुन्या गोदामात चारशे खुर्च्यांचं सभागृह होतं. मी गुणांची बेरीज करायच्या आधीच सुमेधनं त्या सभागृहाचा फोटो आपल्या मोबाइलच्या पडद्यावर लावला होता आणि पासपोर्टचा अर्जही भरला होता.

मामांनी बर्नर बारीक केला आणि गुलाबी चष्मा कपाळावर सरकवला.

“त्यात आमचा कितवा नंबर आला गं?”

“मामा, हे महोत्सवांचे नंबर आहेत. आपण त्यांना गुण दिलेत.”

“म्हंजे आपनच त्यांची परीक्षा घ्यायलोय?” मामा हसले. “बेस हाय की. नापास किती केलं?”

“बारा.”

“लई कडक मास्तरीन हाय ही,” ते सुमेधला म्हणाले. मग चष्मा परत खाली ओढता ओढता, जणू आत्ताच आठवलं असं दाखवत म्हणाले, “आनि एकतीस तारखेचं नक्की न्हवं? साळवी सर पडदा लावतो म्हनलेत. मामीला बी सांगून ठेवलंय. चौतीस वर्षं झाली, तिनं ही खोली बघितली न्हाई. बाहेरच्या मानसाला आत आनायची परवानगीच न्हाई. म्हटलं, फिल्ममधी तरी बघंल.”

“नक्की, मामा,” सुमेध म्हणाला. साळवी सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. निरोपसमारंभात ‘नळी’ दाखवायची हे त्यांनी आणि सुमेधनं फेब्रुवारीतच ठरवलं होतं.

मी लॅपटॉप मिटला. त्या सकाळी मला एक ई-मेल आली होती आणि ती सुमेधला कशी दाखवावी याचा मी विचार करत होते.

दाखवली कॅन्टीनमध्ये, त्याच्या हातात वडा असताना.

झालं होतं असं. जर्मनीच्या महोत्सवाची एक अट होती: फिल्मचं जगातलं पहिलं सार्वजनिक प्रदर्शन त्यांच्याकडेच झालं पाहिजे. ‘सार्वजनिक’ म्हणजे काय, हे त्यांनी कुठंच लिहिलं नव्हतं. ज्याची व्याख्या नाही अशा शब्दापुढे ‘मान्य आहे’ची खूण करणं मला जमेना. म्हणून मी त्यांना पत्र लिहिलं. विभागाच्या सभागृहात निवृत्तीच्या दिवशी फिल्म दाखवली तर ते सार्वजनिक धरलं जाईल का? उपप्रश्न चार: (अ) निवृत्त होणारी व्यक्ती हीच फिल्ममधली प्रमुख व्यक्ती असेल तर? (आ) सुमारे नव्वद निमंत्रित असतील आणि तिकीट नसेल तर? (इ) निमंत्रितांनी न कळवता नातेवाईक आणले तर? (ई) सोबत चहा असेल तर?

उत्तर लगेच आणि अगदी सभ्य आलं होतं. तपशीलवार पत्राबद्दल आभार, असं तिथल्या बाईंनी लिहिलं होतं. असा प्रश्न आम्हाला सहसा कुणी विचारत नाही. पण तुम्ही विचारलाच आहे, तर ते सार्वजनिक प्रदर्शन आहे असंच उत्तर आम्हाला द्यावं लागेल. चहानं फरक पडत नाही.

सुमेधनं वडा ताटलीत ठेवला.

“कुणी सांगितलं होतं तुला विचारायला?”

“अट स्पष्ट नव्हती.”

“अगं, अट स्पष्ट नव्हती हीच तर त्या अटीतली चांगली गोष्ट होती! कोल्हापुरात एका निरोपसमारंभात नव्वद माणसांनी काय बघितलं, हे जर्मनीत कोण बघायला येणार होतं?”

“मी खोटी खूण करणार नव्हते.”

“खोटी नव्हती ती! तू विचारलंस म्हणून खोटी झाली.” त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. “आणि चहा? चहाचं काय सुचलं तुला?”

“काही ठिकाणी खाणंपिणं असलं की खासगी कार्यक्रम समजतात.”

तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग हसायलाच लागला, पण हसू लवकर संपलं. जर्मनीची मुदत दोन जूनला होती, निवड ऑगस्टमध्ये, महोत्सव ऑक्टोबरमध्ये. मामा एकतीस मेला निवृत्त होणार होते आणि ती तारीख कुणाला पुढं ढकलता येत नव्हती.

“मामांना वेगळी दाखवू,” सुमेध म्हणाला. “लॅपटॉपवर. मामींना घेऊन येऊ दे त्यांना. चार माणसांत दाखवली तर तुझ्या बाईंना चालेल ना?”

“फिल्ममधल्या माणसांना चालते. तेही विचारलंय.”

“अर्थातच विचारलंस.”

“पण त्यांना सगळ्यांसोबत बघायचीय, सुम्या.”

“माहीत आहे मला.” त्यानं मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला. “ऑक्टोबरनंतर दाखवू. मोठा कार्यक्रम करू. तोवर मामांना काहीतरी सांग. तू सांग. तुझ्यावर विश्वास आहे त्यांचा.”

मी सांगितलं. आयुष्यात मी फार कमी खोटं बोलले आहे आणि तयारी करून बोललेलं ते पहिलंच. मामांना पटेल अशी उपमासुद्धा मी शोधली होती. काच फुंकून झाली की ती लगेच वापरता येत नाही. आत ताण राहिलेला असतो. ती भट्टीत ठेवून हळूहळू गार करावी लागते, नाहीतर कधीतरी आपोआप तडकते.

“मामा, फिल्म अजून भट्टीत आहे,” मी म्हणाले. “एकतीसला निघेल असं वाटत नाही.”

मामांनी माझ्याकडे बघितलं. वाईट वाटलं असेल तर ते चष्म्यामागं राहिलं.

“भट्टीत हाय व्हय? मग ऱ्हाऊ दे. भट्टी घाईनं उघडू नये.” ते परत कामाकडे वळले. “साळवी सरास्नी सांगतो, पडदा लावू नका. मामीला बी सांगतो, येऊ नको. नुसती भाषनं ऐकून काय करनार ती.”

हे माझ्या तयारीत नव्हतं.

एकोणतीस तारखेला मी माझा तीन तोंडांचा चंबू न्यायला गेले. त्याचं एक तोंड मी तोडलं होतं आणि मामांनी नवं बसवून दिलं होतं. त्यांचं शेवटचं काम. खोलीत निरवानिरव चालू होती. भांडार विभागाची माणसं मोठं लोखंडी कपाट घेऊन गेली होती आणि चौतीस वर्षं कपाटामागं राहिलेला भिंतीचा तुकडा पांढराशुभ्र दिसत होता. बाकी भिंत काजळीनं तपकिरी.

मी चंबू उचलायला गेले.

“हां, हां! हात लावू नगंस. पानी घालायचंय.”

मामांची ती पद्धत विभागात सगळ्यांना माहीत होती. कुठलंही भांडं ते मालकाच्या समोर, स्वतःच्या हातानं पाणी घालून देत. पहिलं पाणी त्यांचं. मग त्यात आम्ल ओता नाहीतर आणखी काही. त्यांनी वर्तमानपत्राचा कोरडा कागद पसरला, त्यावर चंबू ठेवला, गळ्यापर्यंत पाणी भरलं आणि स्टुलावर बसून राहिले. दोन मिनिटं बोलायचं नाही असा नियम होता. मी उभी राहिले. कागद कोरडाच राहिला.

“ने आता,” ते पाणी ओतून टाकत म्हणाले. “चौतीस वर्षांत एकच भांडं पान्याबिगर गेलं इथनं.”

“कुठलं?”

“एक सर हुते. आता न्हाईत. दिल्लीला प्रदर्शन हुतं, त्यासाठी मोठा निर्वात थर्मास करून घेतला. ह्येवढा. अकरा दिवस लागलं मला. गाडीची वेळ झाली म्हनून तसाच घेऊन गेलं. लोकांनी लई वाखानला म्हनं. वरच्या मजल्यावर प्रमानपत्र हाय बघ काचेत लावलेलं.”

“त्यावर तुमचं नाव नाही?”

“नाव कशाला पायजे?” मामा कागदाची घडी घालत म्हणाले. “पयलं पानी ऱ्हायलं माझं. थर्मास दिल्लीतच ऱ्हायला. अजून वाटतं, कसा हुता कुनाला म्हाईत.”

त्यांचा आवाज अगदी रोजचा होता. पण मी जिना चढून वर गेले, ते प्रमाणपत्र शोधून वाचलं, आणि तशीच वृत्तपत्रविद्या विभागाकडे चालत सुटले. चंबू माझ्या हातातच होता.

सुमेध संकलनाच्या खोलीत होता. मी लॅपटॉप उघडून त्याच्यापुढं ठेवला.

“मी आठवा रकाना केलाय.”

“‘मामांना आधी पाहता येईल का?’” त्यानं वाचलं. मग खाली बघितलं. जर्मनी पंधराव्या क्रमांकावर गेली होती. “ह्या रकान्याला वजन किती दिलंस?”

“जेवढं दिल्यावर जर्मनी खाली येते तेवढं.”

“आणि ह्याला विज्ञान म्हणतात?”

“नाही,” मी म्हणाले. “ह्याला विज्ञान अजिबात म्हणत नाहीत.”

मी त्याला थर्मासची गोष्ट सांगितली. तो ऐकत असताना माझ्या चंबूच्या एका तोंडातून दुसऱ्या तोंडात बघत होता. फिल्म त्याची होती. तो नाही म्हणाला असता, तर मला वाद घालायला मुद्दा नव्हता. माझ्याकडे फक्त वाकवलेला तक्ता होता.

“चारशे खुर्च्या, इंगवले,” तो म्हणाला.

“माहीत आहे.”

“एकेक खुर्ची लाकडी आहे.”

“बघितल्यात मी. तू चार वेळा दाखवल्यास.”

त्यानं मोबाइलच्या पडद्यावरचं सभागृह एकदा बघितलं. मग चंबू माझ्या हातात दिला.

“जा. मामांना सांग, भट्टी उघडली. आणि मामींना घेऊन यायला सांग. मी पडद्याचं बघतो.”

एकतीस तारखेला दुपारी चार वाजता सभागृहात नव्वदेक माणसं होती. साळवी सर बोलले, कुलसचिव कार्यालयातले कुणीतरी बोलले. शाल आणि श्रीफळ झालं. मामा पांढऱ्या सदऱ्यात अवघडून बसले होते. पहिल्या रांगेत मामी, डोक्यावरून पदर घेतलेल्या, हातात पर्स घट्ट धरून. मग सुमेधनं प्रोजेक्टर सुरू केला.

पडद्यावर काहीच दिसेना.

सभागृहाला पश्चिमेकडून सहा खिडक्या होत्या आणि पडदे पातळ पिवळ्या कापडाचे. मे महिन्यातलं चारचं ऊन त्यातून जसंच्या तसं आत येत होतं. आवाज येत होता, बर्नरची सूं ऐकू येत होती, पण ज्योत मात्र दिसत नव्हती. काचेवरच्या फिल्ममध्ये काच दिसत नव्हती. सुमेधचा चेहरा मी बघितला आणि नजर वळवली. जर्मनी सोडली होती, ती ह्याच्यासाठी.

मिनिटभरानं मामा खुर्चीतून उठले.

“थांबव रं,” ते म्हणाले. “असं न्हाई हुनार. अकरात चला.”

“अकरात?” साळवी सर म्हणाले. “शिकलगार, एवढी माणसं मावतील का तिथं?”

“पाळीपाळीनं मावतील की सर. कपाट न्हेलंय भांडारवाल्यांनी, तिथली भिंत हाय धुतल्यागत. आनि अंधार तर आपन स्वतःच केल्याला हाय.”

साळवी सरांनी परवानगीचा शब्द काढायच्या आधीच मामा मामींना घेऊन जिना उतरू लागले होते. सर तेवढं म्हणाले, “चला, आज कोण कुणाला अडवतंय.”

प्रोजेक्टर काच फिरवायच्या लेथच्या पाटावर ठेवला. बाकं आणि स्टुलं मिळून अठरा माणसं बसत होती. मी दारात उभी राहून मोजून सोडत होते. पंखा नाहीच. पहिल्या पाळीत साळवी सर, इतर प्राध्यापक आणि मामी.

मामींनी दारातच थांबून खोली एकदा वरपासून खालपर्यंत बघितली. काळ्या खिडक्या, बर्नर, पंख्याशिवायचं छत.

“हितंच व्हय? चौतीस वर्सं?”

“हितंच,” मामा म्हणाले.

“आनि घरी पंखा एकवर असला तर तीनवर कर म्हनून माझ्या मागं लागतायसा!”

प्राध्यापक मोठ्यानं हसले. मामी मला हळूच म्हणाल्या, “आमच्या घरात काचेचा येक कप न्हाई बाळा. समदं स्टीलचं. ह्यांनी शपथ घातलीया, घरात काच दिसाय नगो.” आणि त्या पुढच्या बाकावर बसल्या.

त्या पांढऱ्या चौकोनावर ज्योत उमटली तेव्हा खोलीतली कुजबुज थांबली. ज्या टेबलावर ती पेटली होती, ते टेबल शेजारीच होतं. मामी एकदा भिंतीकडे, एकदा टेबलाकडे बघत होत्या. फिल्ममधले मामा फुंकर घालत तेव्हा मामींचेही गाल किंचित फुगत होते, हे मी बघितलं.

आणखी एक बघितलं. मामा फिल्म बघतच नव्हते. ते भिंतीला पाठ लावून, चौकोनाच्या शेजारी उभे होते, तोंड लोकांकडे करून. मला वाटलं, त्यांना मामींचा चेहरा बघायचाय. पण दुसऱ्या पाळीत मामी नव्हत्या, तरी ते तसेच उभे. तिसऱ्या पाळीत प्रयोगशाळा सहायक आणि माळी होते, चौथीत विद्यार्थी, पाचवीत उरलेसुरले आणि मामींच्या बहिणीकडचे लोक, जे न कळवता आले होते. म्हणजे माझा उपप्रश्न (इ). पाचही वेळा मामा भिंतीला टेकून, घाम पुसत, लोकांकडे बघत उभे. पाच खेळ, चौदा मिनिटं प्रत्येकी. एकूण सत्त्याऐंशी माणसं.

मला भरून आलं. हा माणूस चौतीस वर्षं कुणाला दिसला नाही, आणि आज आपण दिसतोय की नाही हे लोकांच्या चेहऱ्यावर वाचतोय, असं मला वाटलं. त्या क्षणी कुणी मला अहवाल लिहायला सांगितला असता, तर निष्कर्ष म्हणून मी हेच लिहिलं असतं.

लोक चहाला वर गेले. सुमेध वायरी गुंडाळत होता. मामा स्टुलावर बसले आणि त्यांनी आम्हाला दोघांना बोलावलं.

“मामा, तुम्ही फिल्म बघितलीच नाही,” मी म्हणाले. “एकदाही.”

“बघितली की. पाचदा बघितली.”

“तुमची पाठ होती भिंतीकडे.”

“पानी घातल्यावर आपन भांड्याकडं बघतो व्हय गं?” मामा म्हणाले. “कागदाकडं बघतो. कुठं थेंब पडतोय ते.”

सुमेधनं वायर खाली ठेवली.

“चौथं मिनिट संपलं, की मानसं हलत्यात,” मामा म्हणाले. “कोन पदर सारखा करतंय, कोन घड्याळ बघतंय. साळवी सरांनी बी मोबाइल काढला. पाचीच्या पाची वेळा, तिथंच. आनि पाऊन मिनिटानं परत गप. बाकी कुठं थेंब न्हाई. तिथं गळतंय.”

“उकाड्यानं असेल,” मी म्हणाले. म्हणतानाच मला कळलं की ते बरोबर नाही. उकाडा पहिल्या मिनिटापासून चौदाव्या मिनिटापर्यंत वाढतच होता. त्यानं माणसं हलली असती, तर शेवटी जास्त हलली असती. पाच वेगवेगळे गट, पाचांचा निकाल एक. माझ्या संपूर्ण प्रबंधात इतकं स्वच्छ निरीक्षण नव्हतं.

“चौथ्या मिनिटानंतर काय आहे?” सुमेधनं विचारलं. त्याला माहीत होतं. त्याला ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

“एक्याऐंशी टक्के सिलिका,” मी म्हणाले.

मामांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “आवाज तुझाच हाय न्हवं तिथं? आवाज चांगला हाय, पोरी. पन गळतंय.”

गळती शोधायला पाणी घालतात, हे मला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. दोनच दिवसांपूर्वी मी त्या कोरड्या कागदापुढं गप्प उभी होते. तरीही दिल्लीच्या थर्मासची गोष्ट ऐकून मी मान, नाव आणि प्रमाणपत्र असा विचार करत जिना चढले होते. ‘कसा हुता कुनाला म्हाईत’ असं मामा म्हणाले होते, आणि त्यांना तेवढंच म्हणायचं होतं. साऱ्या जगाला अ-आ-इ-ई करून प्रश्न विचारणाऱ्या मला, मामांना एकही प्रश्न विचारावासा वाटला नव्हता.

“आणि आम्ही तुम्हाला ती नंतर दाखवणार होतो, मामा,” सुमेध म्हणाला. “ऑक्टोबरनंतर. भट्टीत-बिट्टीत काही नव्हती. ती तयारच होती.”

“म्हाईत हाय,” मामा म्हणाले. “भट्टीतनं काढायला येवढा वेळ कुठं लागतोय? हिला खोटं बोलताच येत न्हाई. ‘निघेल असं वाटत नाही’ म्हनाली. हिला कवा काय ‘वाटतं’ का?”

त्या रात्री सुमेधनं अठ्ठेचाळीस सेकंद कापले. जर्मनीच्या बाईंना मी कळवलं की फिल्म आता पात्र नाही: सभागृहात एक अपुरा खेळ, खोली नंबर अकरात पाच पूर्ण, प्रेक्षक सत्त्याऐंशी, पैकी पूर्वसूचनेशिवाय अकरा. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं: चहा कसा होता?

उरलेल्यांपैकी नऊ ठिकाणी आम्ही फिल्म पाठवली. सहांनी नाकारली, तिघांनी घेतली. त्यातला एक महोत्सव माझ्या तक्त्यात नापास झालेला होता. सुमेधनं मला न विचारता तिथं पाठवली होती. पहिलं बक्षीस तिथंच मिळालं. प्रत्येक अर्जात एक प्रश्न असायचा, पहिलं प्रदर्शन कुठं झालं, आणि सुमेध दरवेळी पूर्ण पत्ता लिहायचा. तळमजला, जिन्याच्या डावीकडे, सकट.

याला नऊ वर्षं झाली. मी हैदराबादला एका औषधकंपनीत काम करते. सुमेध माहितीपट करतो आणि त्यावर त्याचं बरं चाललंय. मागच्या फेब्रुवारीत त्याचा फोन आला.

“इंगवले, रविवारी पाणी घालायचंय. येतेस?”

नवी फिल्म हुपरीच्या चांदीकारागिरांवर होती. कुठंही पाठवायच्या आधी त्यानं ती हुपरीतच, एका मंगल कार्यालयात लावली होती. मी पोचले तेव्हा कारागीर आणि त्यांच्या घरची माणसं मिळून शंभरेक जण बसले होते. पडद्याच्या शेजारी, पडद्याला पाठ करून, दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एकीवर शिकलगारमामा. डोक्यावर पांढरी टोपी, हातात काठी, शेजारी स्टीलच्या पेल्यात चहा.

“बस,” ते म्हणाले. “घड्याळ हाय न्हवं? मला काटं दिसत न्हाईत आता. मानसं दिसत्यात.”

दिवे गेले. मी वही उघडली. आम्ही दोघं लोकांकडे बघत बसलो. त्यांच्या चेहऱ्यांवर पडद्यावरचा उजेड हलत होता आणि मागून ठोक्यांचा आवाज येत होता. दहा मिनिटं सगळं कोरडं होतं. अकराव्या मिनिटाला तिसऱ्या रांगेतल्या एका बाईनं बांगड्या सारख्या केल्या, तिच्या मागचा माणूस मान वळवून दाराकडे बघू लागला, आणि मामांनी काठीच्या टोकानं माझ्या चपलेला हळूच स्पर्श केला.

मी वेळ लिहून घेतली. मग कान देऊन ऐकलं.

निवेदन चालू होतं. आवाज सुमेधचा होता.